दौडीचं शेपूट

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव शेपूट म्हणतं. त्यांना त्याचा राग येत नाही. मला येतो, पण मला कशाचाही येतो, असं घरात म्हणतात.

आमच्याकडे दरवर्षी लांब पल्ल्याची दौड होते. शेतांमधून निघालेला रस्ता वीटभट्टीवरून दरीत उतरतो आणि मग नदीच्या सोबतीने जातो. दरीत गाड्या नाहीत, घरं नाहीत, फोनसुद्धा लागत नाही. परगावचे लोक त्या दरीसाठीच येतात आणि आयुष्यात पाणी पाहिलं नसल्यासारखे पुलावर थांबून फोटो काढतात. त्या सगळ्यांच्या मागे पळायला एक माणूस नेमलेलं असतं. त्याने नारिंगी जाकीट घालायचं आणि शेवटच्या धावणाऱ्याला कधी ओलांडायचं नाही. तो चालला की चालायचं, तो बसला की बसायचं. शेपूट पुढे गेलं म्हणजे मागे कोणी उरलं नाही, असा साधा नियम आहे. पाणी देणारे त्याच्याकडे बघून टेबलं आवरतात, रस्ता अडवून उभे राहिलेले त्याच्याकडे बघून रस्ता मोकळा करतात. कोण आलं नि कोण राहिलं याची दुसरी नोंद कोणी ठेवत नाही. हे काम जाऊबाई कित्येक वर्षं करत होत्या.

एरवी त्या शाळेच्या बसमधल्या मावशी. पोरं उतरली की मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत वाकून बघायचं, कोणी झोपून राहिलं नाही ना, हे त्यांचं काम. ते त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की आम्ही सगळे बाहेर जायला निघालो की त्या दारातून परत आत जातात, गॅस बघतात, नळ बघतात आणि पलंगाखालीही वाकून येतात. पलंगाखाली कोण असणार, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कोणी नाही, पण बघितलेलं बरं.

भावोजी, म्हणजे त्यांचा नवरा आणि माझा थोरला दीर, दर वर्षी दौडीच्या सकाळी तोच विनोद करतात. शेवटचाच नंबर काढायचा तर तो घरी बसूनही निघतो, म्हणतात. जाऊबाई दर वर्षी तितक्याच हसतात.

मी त्यांच्या अगदी उलट. मी शिवणकाम करते. आमच्या दुमजली घरात खालच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि मी उभ्या उभ्या जेवते, रांगेत पुढे घुसते, दुसऱ्याचं वाक्य मीच पुरं करते. शेपटाचं नारिंगी जाकीट मी शिवलं. शेवटाला दोन खांबांवर बांधतात ती निळ्या कापडाची कमानही मीच शिवली, पांढऱ्या अक्षरांसकट. आणि गंमत अशी की ज्या बाईने सगळ्यांना हाकत त्या कमानीपर्यंत आणलं, ती स्वतः एकदाही तिच्याखालून गेली नव्हती. आमच्यात तशी पद्धतच पडून गेली होती. बाजारपेठेत वळायच्या आधी एक कोपरा आहे. शेवटचा धावणारा तिथून वळला की शेपटाने थांबायचं आणि बाजूच्या गल्लीत शिरायचं. शेवटच्या माणसाला टाळ्या एकट्याला मिळाव्यात, त्याच्या पाठीशी नारिंगी जाकीट दिसून लोक हसू नयेत, म्हणून. तो कमानीखालून गेला की माणसं लगेच कमान उतरवत, कारण दुकानदारांना रस्ता हवा असे. जाऊबाई गल्लीतून फिरून येईपर्यंत माझी निळी कमान घडी होऊन टेम्पोत पडलेली असायची.

यंदा हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या गुडघ्यावर पळणं आता पुरे. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. जाऊबाई शेंगांकडे बघतच बोलल्या.

"यंदाचं शेवटचं. एकदा त्या कमानीखालून जावंसं वाटतं गं."

इतक्या वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साडी घ्यायला गेलो तरी त्या आधी माझी घेतात. मी हात धुतले आणि तशीच दौडीच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक उभं असताना मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की माझ्या जाऊबाई कमानीखालून गेल्याशिवाय यंदा कमान उतरणार नाही. मी म्हणाले, शब्द द्या. त्यांनी दिला. गिऱ्हाईक साक्षीला होतं.

इथवर सगळं सरळ होतं. मग समितीने दौडच उलटी फिरवली.

कारण तसं शहाणपणाचं होतं. पूर्वी दौड तलावावरच्या मैदानातून सुटायची आणि बाजारपेठेत संपायची. माणसं रेंगाळत येत, आणि बाजार दिवसभर अडकून पडे. आता बाजारातून सुटायचं, म्हणजे सगळे एकदम निघून जातील आणि दुकानं वेळेवर उघडतील. कमान तलावाच्या मैदानात. कागदावर एक बाण उलटा काढला की झालं, असं अध्यक्षांना वाटलं. पण लोकांच्या पायांना ती दौड एकाच बाजूने पाठ होती. दरीतल्या मधल्या पुलावर आलं की नदी डाव्या हाताला ठेवायची आणि घराकडे सुटायचं, हे इथल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. आता नदी उजव्या हाताला ठेवायची होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर मिठाची बरणी पूल झाली होती आणि आमटीचा डाव नदी झाला होता. भावोजी समजावून सांगायचे, आमचे हे ते चुकीचं ठरवायचे, मी दोघांना चुकीचं ठरवायचे, आणि शेवटी बरणी कुठल्या बाजूने बघायची यावर भांडण व्हायचं. पाणी देणाऱ्या बायकांपैकी निम्म्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूला टेबल मांडून आल्या. जाऊबाई तेवढ्या शांत होत्या. त्यांना काय, पुढचा जाईल तिकडे जायचं.

दौडीच्या सकाळी बाजारपेठेत गर्दी उसळली, शिट्टी झाली आणि सगळे गेले. सगळ्यांत शेवटी घड्याळवाले आजोबा निघाले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आता बंद आहे, पण दौड त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांच्या मागे आमचं नारिंगी जाकीट, आणि जाकिटाच्या मागे आमच्या ह्यांची बेकरीची व्हॅन. कोणाचा पाय मुरगळला तर त्याला उचलून आणायचं काम ह्यांच्याकडे असतं. मी अध्यक्षांबरोबर टेम्पोत कमान घालून हमरस्त्याने तलावावर गेले. तो रस्ता जवळचा आहे.

कमान उभी केली. वारा बेताचा होता, कापड ताठ बसलं होतं. धावणारे येत गेले, फिती गळ्यात घालून घेत गेले. दुपार चढली. दोघी बहिणी हातात हात घालून लंगडत आल्या, आणि नियमाप्रमाणे आम्ही त्यांच्या मागे नारिंगी रंग शोधला. दिसला नाही. म्हणजे अजून कोणी तरी आहे, असं अध्यक्ष म्हणाले. आम्ही थांबलो. रस्ता रिकामाच. कोणी म्हणालं आजोबांना पुलापुढे कोणीच पाहिलेलं नाही. कोणी म्हणालं शेपूट पुलापर्यंत दिसलं होतं. मग पुलापुढच्या टेबलावरच्या बायका वाट बघून कंटाळून सामान गाडीत घालून आल्या आणि शेपूट येऊन गेलं का, असं आम्हालाच विचारायला लागल्या. मला काही म्हणता काही कळेना. माणूस रस्त्यावरून पुढे येतं, नाही तर मागे राहतं, तिसरं काय होऊ शकतं? गुडघा गेला असेल, असं डोक्यात आलं, आणि ते डोक्यातून जाईना.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. म्हणाले, आम्ही वीटभट्टीपाशी आहोत. वीटभट्टी म्हणजे सुरुवातीच्या बाजूला, दरीच्याही अलीकडे. मी म्हणाले, अजून वीटभट्टीपाशीच आहात?

"अजून नाही. परत."

"परत कुठे निघालात?"

"शेवटाकडे."

"शेवट इथे आहे. मी त्याच्याखाली उभी आहे."

"तो यंदाचा. आम्ही मागच्या वर्षीच्या शेवटाकडे निघालोय," हे म्हणाले, आणि फोन तुटला.

झालं होतं ते असं. आजोबा पुलापर्यंत नीट आले. तिथे कठड्यावर बसले, बुटातला खडा काढला, पाणी प्यायले. मग उठले आणि नदी डाव्या हाताला ठेवून निघाले. म्हणजे आलो त्याच बाजूला. जाऊबाईंनी हळूच सांगितलं की यंदा तिकडून नाही. आजोबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारी दमलीय, डोकं ठिकाणावर नाही. ह्यांनी व्हॅनमधून उतरून समजावलं, गाडीत बसा म्हणाले, खांद्याला हात लावला. त्याबरोबर आजोबा जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं मी याच वाटेने घरी जातो, मला का अडवताय, असं ते परत परत विचारायला लागले. ते चिडले होते की घाबरले होते, हे ह्यांना सांगता येईना. जाऊबाईंनी ह्यांचा हात बाजूला केला. बसमध्ये पोर भलत्या स्टॉपवर जागं होऊन रडायला लागलं तर त्याच्याशी वाद घालत नाहीत, म्हणाल्या. आजोबा चालायला लागले. शेपूट शेवटच्या माणसाला ओलांडत नाही. त्याही मागे वळल्या.

ह्यांना त्या अरुंद पुलावर व्हॅन वळवताना घाम फुटला. मग दरीतून ती वरात उलटी निघाली, पुढे आजोबा, मागे जाऊबाई, त्यामागे पाव लिहिलेली गाडी. अलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी शेपूट गेलेलं बघून केव्हाच सामान गाडीत भरलं होतं. तेच शेपूट आता समोरून येताना दिसल्यावर त्यांना वाटलं, आपण फार लवकर आवरलं. त्यांनी घाईने टेबल परत मांडलं, पेले भरले. दरीबाहेरच्या दगडखाणीपाशी रस्ता सांभाळणाऱ्या माणसाने आधी रस्ता मोकळा केला होता, तो परत अडवला, आणि का अडवलाय हे ट्रकवाल्यांना त्याला सांगता येईना.

इकडे मैदानात मी कमानीखाली फोन धरून उभी होते आणि रागवायचं कोणावर तेच ठरत नव्हतं. आजोबांवर रागवावं तर म्हातारा माणूस. दौड उलटी फिरवणाऱ्या अध्यक्षांवर रागवावं तर त्यांनी शब्द पाळलेला, कमान उभी. मग मी जाऊबाईंवर रागावले. आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती समोर दिसत असताना बाई पाठ फिरवून चालत्या झाल्या. मला रडू येत होतं. आणि सगळ्यांत गोंधळाचं म्हणजे, त्या येईपर्यंत ही कमान उतरवायची नाही असा शब्द होता, आणि कमान इथे अशीच उभी राहिली तर त्या तिच्याखाली कधीच येणार नव्हत्या. शब्द पाळायचा तर कमान उतरवणं भाग होतं. मी अध्यक्षांना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवट हलवता येतो का, याला काही नियम आहे का, असं ते पुटपुटत होते. मी म्हणाले, तुम्ही सुरुवात हलवलीत तेव्हा कोणाला विचारलं होतं? आणि खांबाची दोरी सोडायला लागले.

बाजारपेठेत पोचलो तर बाजार भर रंगात. सायकली, हातगाड्या, भाजीवाल्यांची गर्दी. खांब रोवायला जागा नव्हती, म्हणून एक खांब अध्यक्षांनी हाताने धरला आणि दुसरा टेम्पोवाल्याने. मी मधलं कापड ताणून दिलं. लोक कमानीखालून पिशव्या घेऊन येजा करू लागले. एकाने थांबून कसलं दुकान उघडतंय म्हणून विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे तो तिथेच वाट बघत उभा राहिला.

मग कोपऱ्यावरून आजोबा आले. हळू, पण मान ताठ. त्यांच्या मागे नारिंगी जाकीट क्षणभर दिसलं. मी हात वर केला. पण जाऊबाई खाली बघत पळत होत्या. कोपऱ्याशी त्या थांबल्या, आजोबांना वळू दिलं, आणि कित्येक वर्षांच्या सवयीने बाजूच्या गल्लीत शिरल्या.

आजोबा कमानीखालून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या, दुकान उघडायची वाट बघणाऱ्यानेही वाजवल्या. आजोबांनी गळ्यात फीत घालून घेतली, भोवतालच्या हातगाड्यांकडे नाराजीने पाहिलं आणि अध्यक्षांना सुनावलं की यंदा व्यवस्था अगदीच ढिसाळ आहे, रस्तासुद्धा बंद केला नाही. अध्यक्ष म्हणाले, चुकलंच. नंतर त्यांनी घरी बसून हिशेब केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पूल बरोबर मध्यावर आहे, म्हणजे आजोबा पुरी दौड पळाले होते, फक्त अर्धी यंदाची आणि अर्धी जुनी. पण ते नंतर. तेव्हा शेवटचा माणूस आला, शेपूट कोपऱ्याला दिसलं, आणि दोघांचे हात आपोआप खांब खाली घ्यायला लागले.

थांबा, मी म्हणाले. दोघे थांबले.

गल्लीत जाऊबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. गुडघा चांगलाच सुजला होता. जाकिटाची चेन त्या उघडत होत्या आणि ती अडकली होती. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण गुडघा बघितला. मी खाली बसले आणि चेन सोडवून दिली.

दरीत फार शांत होतं, त्या म्हणाल्या. आजोबांना इतकी खात्री होती की थोड्या वेळाने त्यांनाच वाटायला लागलं, चुकलोय ते आपणच सगळे. कोण बरोबर होतं, अजून नीट कळत नाही. मग त्यांनी घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुलावर वळले तेव्हा कमान आठवली गं. तुझे कष्ट वाया गेले."

माझे कष्ट, म्हणे. मी त्यांना सांगितलं की कमान कोपऱ्यापलीकडे उभी आहे, दोन माणसं हातात धरून आहेत आणि त्यांचे हात दुखतायत, तेव्हा उठा. त्यांना ते खरं वाटलं नाही. मी हाताला धरून त्यांना कोपऱ्यापर्यंत आणलं. निळं कापड आणि त्याखाली घामाघूम झालेले अध्यक्ष दिसले, तरी त्या पाऊल उचलेनात. म्हणाल्या, "मागे कोणी राहिलं नाही ना? बघून येते."

तेव्हा मी त्यांच्या हातातलं जाकीट घेतलं आणि अंगात घातलं. मीच शिवलेलं, पण मला खांद्यात मोठं होत होतं.

"मागे मी आहे," मी म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

त्यांना काही कळेना. त्या माझ्या जाकिटाकडे बघत राहिल्या, मग कमानीकडे. मग लंगडत निघाल्या. हातगाडीवाल्याने गाडी बाजूला घेतली. मी त्यांच्या पाठीशी चालत होते, आणि एवढं हळू चालणं मला किती जड गेलं हे माझं मला माहीत. दोनदा माझं पाऊल पुढे पडलं, दोनदा मी मागे घेतलं. कमान अगदी डोक्यावर आली तेव्हा जाऊबाई थांबल्या, आणि मी नीट येतेय ना, ते त्यांनी मागे वळून बघितलं.

मी मान हलवली. मग त्या गेल्या.